खाज पुन्हा पुन्हा का येते: कुत्र्या-मांजरांच्या त्वचेची तपासणी कोणत्या क्रमाने करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात एक कुत्रा आणि एक मांजर आहे. कुत्रा अनेक महिने अंग खाजवतो, पंजे चाटतो, अंगाला आंबूस वास येतो. इंजेक्शन दिले की काही दिवस बरे वाटते, मग परत तेच. मांजराच्या पोटावरचे केस विरळ झालेत, पण त्याला खाजवताना कोणी पाहिलेले नाही. शाम्पू, पावडर, मलम सगळे वापरून झाले. आता काय करावे?

आधी त्या इंजेक्शनबद्दल बोलू. खाज एका दिवसात थांबवणारे इंजेक्शन बहुतेक वेळा स्टेरॉइडचे असते. ते खाज दाबते, कारण तसेच राहते. शिवाय काही आजारांत ते उघड नुकसान करते. डेमोडेक्स या केसांच्या मुळांत राहणाऱ्या सूक्ष्म किड्याची खरूज किंवा बुरशीचा नायटा असेल तर स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते आणि आजार पसरतो. दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन एकदा टोचले की त्रास झाला तरी परत काढून घेता येत नाही. गोळीचा डोस निदान कमी करता येतो. मांजरांमध्ये अशी इंजेक्शने वारंवार दिल्यास मधुमेहाचा धोका असतो. स्टेरॉइड वाईट औषध नाही, योग्य जागी ते फार उपयोगी आहे. पण निदान होण्याआधी दिले तर पुढच्या सगळ्या तपासण्यांचे अर्थ धूसर होतात.

खाज हे लक्षण आहे, आजाराचे नाव नव्हे. ती सोडवायचा क्रम ठरलेला आहे: आधी परजीवी, मग जिवाणू आणि यीस्ट (एक प्रकारची बुरशी), मग अन्नाची ॲलर्जी आणि सर्वांत शेवटी वातावरणातल्या घटकांची ॲलर्जी. हा क्रम उगाच नाही. पहिल्या दोन गोष्टी दिसतात, तपासता येतात आणि बऱ्या होतात. तिसरीसाठी दोन महिने चिकाटी लागते. चौथीची खात्री करणारी एकही चाचणी नाही. बाकी सगळे वगळल्यावरच ती ठरवता येते. औषधाने तेवढ्यापुरते बरे होऊन परत उलटणाऱ्या बहुतेक जनावरांच्या बाबतीत यातली एखादी पायरी गाळलेली असते किंवा अर्धवट सोडलेली असते.

खाज नेमकी कुठे आहे, यावरून बरेच कळते. कुत्र्याची कंबर, शेपटीचे मूळ आणि मांड्यांचा मागचा भाग म्हणजे आधी पिसवा आठवाव्यात. कानाच्या पाळीची कड, कोपरे आणि मागच्या पायांचे घोटे म्हणजे सार्कोप्टिस या सूक्ष्म किड्याची खरूज. पंजे, तोंड, कान, काखा आणि पोट म्हणजे ॲलर्जी, मग ती अन्नाची असो वा हवेतल्या घटकांची. हे संकेत आहेत, निकाल नव्हेत. तरीही डॉक्टरांकडे जाण्याआधी कुत्रा कुठे किती वेळ चाटतो-चावतो ते लिहून ठेवले तर निम्मे काम झाले म्हणायचे.

पिसवांपासून सुरुवात करा, घरात एकही दिसली नसली तरी. ज्या जनावराला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते, ते चाटून-चावून पिसवा गिळून टाकते, म्हणून त्याच्याच अंगावर त्या सापडत नाहीत. मांजर तर यात तरबेज. बारीक दातांच्या फणीने कमरेवरून शेपटीच्या मुळापर्यंत विंचरा आणि फणीत आलेला कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. काळ्या ठिपक्यांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेले रक्त. साध्या धुळीचा डाग तांबूस होत नाही.

पिसवांचे औषध ‘लागू पडत नाही’ असे वाटण्याचे कारण बहुधा औषधात नसते. अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या साधारण ५ टक्केच असतात. बाकी अंडी, अळ्या आणि कोष घरात असतात: गालिच्यात, गादीच्या शिवणीत, फरशीच्या फटीत. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते आणि ती अंडी केसांतून घसरून जनावर जिथे झोपते तिथे पडतात. कोषातली पिसू आठवडे, अनुकूल परिस्थितीत काही महिनेही, आत दबून राहते आणि ऊब किंवा हालचाल जाणवली की बाहेर येते. कोषावर कीटकनाशकांचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून एक डोस देऊन थांबण्यात अर्थ नाही. घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला, खाज असो वा नसो, सलग किमान ३ महिने औषध चालू ठेवा. अंथरुणे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा आणि फर्निचरच्या खालून व्हॅक्यूम फिरवा. पहिल्या काही आठवड्यांत नव्या पिसवा दिसत राहतात. ते अपयश नव्हे, जुने कोष फुटत असतात.

मानेवर टाकायचे स्पॉट-ऑन औषध केसांवर नाही, केस बाजूला करून थेट कातडीवर टाकावे लागते. फिप्रोनिलसारख्या औषधाच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ घालू नका. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर या गटातली औषधे पिसवा आणि गोचीड दोन्हींवर चांगली चालतात आणि खरजेच्या किड्यांवरही उपयोगी पडतात. मात्र जनावराला पूर्वी फिट आली असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि एक गोष्ट अजिबात विसरू नका: कुत्र्यांसाठीचे, पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध मांजराला कधीही लावू नका. मांजराच्या यकृताला ते नीट मोडता येत नाही. थरथर, झटके येतात आणि मृत्यूही होऊ शकतो. कुत्र्याला असे औषध लावले असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगळे ठेवा. गोचीड-किड्यांवरचे अमिट्राझही मांजराला चालत नाही.

आता डोळ्यांना न दिसणारे किडे. सार्कोप्टिसची खाज भयंकर असते. कानाची कड बोटांत धरून हलके चोळली की कुत्रा त्या बाजूचा मागचा पाय खाजवल्यासारखा हलवतो. ही खूण खात्रीची नसली तरी संशय पक्का करते. त्वचा खरवडून केलेल्या तपासणीत हे किडे अनेकदा सापडतच नाहीत, कारण थोडेसे किडेही पुष्कळ खाज निर्माण करतात. म्हणून अहवालात काही नाही म्हणून खरूज नाही, असा अर्थ काढू नका. संशय असेल तर उपचार करून पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग. घरातल्या माणसांच्या हातांवर, कमरेवर खाजरे पुरळ उठले असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. कुत्रा बरा झाला की माणसांचे पुरळ सहसा आपोआप जाते.

डेमोडेक्सची गोष्ट वेगळी. हे किडे थोड्या संख्येने निरोगी कुत्र्याच्या केसांच्या मुळांतही असतात आणि आईकडून पिल्लाला पहिल्या काही दिवसांत मिळतात. एका मोठ्या कुत्र्याकडून दुसऱ्याला लागण होण्याची भीती नाही. पिल्लाच्या तोंडावर किंवा पुढच्या पायांवर एक-दोन केस गेलेले चट्टे असतील तर ते बहुतेक आपोआप भरतात. अंगभर पसरले, पू झाला, पंजे सुजले, तर औषध लागते. आणि ते केस उगवले म्हणून थांबवायचे नसते. एक महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून तपासणी केली आणि दोन्ही वेळा किडा मिळाला नाही, तेव्हाच थांबायचे. वयस्क कुत्र्याला हा आजार पहिल्यांदा झाला तर थायरॉइडची कमतरता, कुशिंग (शरीरातच स्टेरॉइड जास्त तयार होण्याचा आजार), ट्यूमर किंवा चालू असलेले स्टेरॉइड यापैकी काही मागे आहे का, ते शोधावेच लागते. आयव्हरमेक्टिन हे परजीवीनाशक औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. कोली आणि त्यांच्याशी संबंधित कुत्र्यांच्या जातींमध्ये एका जनुकातल्या बदलामुळे हे औषध मेंदूत शिरते.

परजीवी झाले की संसर्ग. कुत्र्याच्या त्वचेवर पू करणारा नेहमीचा जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. बारीक लाल पुटकुळ्या, पांढरे टोक असलेले फोड आणि गोलाकार, कडेला सालपटे निघालेले चट्टे ही त्याची खूण. हे गोल चट्टे पाहून बरेच जण नायटा समजून बुरशीचे मलम लावत बसतात. मलासेझिया नावाच्या यीस्टची लक्षणे वेगळी: तेलकट कातडी, आंबूस वास, गळ्याच्या घडीत आणि बोटांच्या मध्ये तपकिरी डाग, पुढे कातडी जाड आणि काळपट. प्रश्नातल्या कुत्र्याला वास येतो आणि तो पंजे चाटतो. माझा पहिला संशय यीस्टवर जाईल, आणि त्या यीस्टच्या मागे ॲलर्जी. दोन्ही संसर्ग सहसा दुय्यम असतात. जिवाणू मारले आणि मूळ ॲलर्जीकडे दुर्लक्ष केले, तर ते परत येणारच.

यासाठी लागणारी तपासणी साधी आहे. पारदर्शक चिकटपट्टी त्वचेवर दाबून किंवा काच घासून, रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. दवाखान्यात काही मिनिटांत होते. ही न करता प्रतिजैविक गोळ्यांचा कोर्स सुरू करणे मला पटत नाही. वरवरच्या संसर्गात गोळ्यांपेक्षा बाहेरून केलेला उपचार आधी करावा, कारण प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू कुत्र्यांमध्येही वाढलेत. कोर्स होऊनही फोड तसेच असतील तर दुसरी गोळी अंदाजाने सुरू न करता पू कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवा.

औषधी शाम्पूचा फायदा होत नाही, अशी तक्रार ऐकली की आधी तो कसा लावला ते विचारावे लागते. शाम्पूत २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक) हवे, किंवा यीस्ट असेल तर २ टक्के क्लोरहेक्सिडीनबरोबर २ टक्के मायकोनाझोल (बुरशीनाशक). कोमट किंवा गार पाणी. गरम पाण्याने खाज वाढते. अंग फार मळलेले असेल तर आधी साध्या शाम्पूने धुवा, कारण तेल आणि मळ असेल तर औषध कातडीपर्यंत पोचत नाही. सर्वांत खराब भागापासून लावायला सुरुवात करा आणि घड्याळ लावून १० मिनिटे ठेवा. मग भरपूर पाण्याने धुवा, बोटांमधला आणि काखेतला फेस राहू देऊ नका, नीट पुसून कोरडे करा. आठवड्यातून दोन ते तीन वेळा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. दोन मिनिटांत धुऊन टाकलेला सर्वोत्तम शाम्पूही वाया जातो. माणसांचा शाम्पू वापरू नका. कुत्र्याच्या त्वचेची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते.

कान हा त्वचेचाच भाग आहे. वर्षातून तीन-चार वेळा कान फुटत असेल तर तो स्वतंत्र कानाचा आजार नसून ॲलर्जीच असण्याची शक्यता मोठी. मांजराच्या पिल्लांच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखा कोरडा काळा मळ आणि प्रचंड खाज असेल तर कानातले किडे; दोन्ही कानांवर आणि घरातल्या सगळ्या जनावरांवर उपचार करावे लागतात. कान साफ करताना कान धुण्याचे द्रावण कानाच्या नळीत भरा, कानाचे मूळ बाहेरून अर्धा मिनिट चोळा, जनावराला डोके झटकू द्या आणि दिसेल तेवढाच मळ कापसाने पुसा. कापसाच्या काड्या आत घातल्या की मळ पडद्याकडे ढकलला जातो. पडदा शाबूत आहे का हे पाहिल्याशिवाय कोणतेही थेंब टाकू नका, कारण काही औषधे आतल्या कानात गेली तर ऐकू येणे कायमचे जाऊ शकते. डोके एका बाजूला कललेले असेल किंवा तोल जात असेल तर घरी काहीही टाकू नका.

नायटा मांजरांत, विशेषतः पिल्लांत आणि पर्शियनसारख्या लांब केसांच्या जातींत जास्त. नेहमीची बुरशी मायक्रोस्पोरम कॅनिस. खाज कमी किंवा अजिबात नसते. कानाच्या पाळीवर, नाकावर, पंज्यांवर केस तुटलेले खवल्यांचे चट्टे दिसतात. वूड्स दिव्याखाली (अतिनील प्रकाशाचा दिवा) बाधित केसांचे मूळ हिरवे चमकते, पण कोंडा आणि मलमही चमकतात, म्हणून केस चमकतो की खपली, हे बघता यायला हवे. कल्चरसाठी नव्या टूथब्रशने सगळे अंग विंचरून तो ब्रशच प्रयोगशाळेत देतात. निकालाला २ ते ३ आठवडे लागतात. उपचार दुहेरी असतात: पोटातून इट्राकोनाझोलसारखे बुरशीनाशक औषध आणि बाहेरून आठवड्यातून दोनदा लाइम सल्फर (चुना-गंधकाचे द्रावण) किंवा मायकोनाझोल-क्लोरहेक्सिडीन. चट्ट्यावर नुसते मलम लावल्याने काम होत नाही, कारण बीजाणू अंगभर पसरलेले असतात. घरातले गळलेले केस गोळा करणे जंतुनाशकापेक्षा महत्त्वाचे. मळावर ओतलेले जंतुनाशक खालपर्यंत पोचत नाही. हा आजार माणसांना लागतो, म्हणून लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी अशा मांजराला बरे होईपर्यंत हाताळू नये.

परजीवी आणि संसर्ग संपल्यावरही खाज वर्षभर, कोणत्याही ऋतूत सारखीच राहिली, तर अन्नाची परीक्षा. रक्ताच्या, लाळेच्या किंवा केसांच्या चाचण्या अन्नाच्या ॲलर्जीसाठी भरवशाच्या नाहीत. त्यावर पैसे घालवू नका. खरी परीक्षा एकच: किमान ८ आठवडे एकच आहार, एकतर आजवर कधीच न खाल्लेले प्रथिन किंवा हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकडे केलेल्या, प्रथिनांचे वैद्यकीय खाद्य. कुत्र्यांमध्ये गोमांस, दूध आणि कोंबडी, मांजरांमध्ये गोमांस, मासे आणि कोंबडी ही नेहमीची कारणे. धान्य बंद केले म्हणजे प्रश्न सुटला, ही समजूत बहुतेकांच्या बाबतीत चुकीची ठरते. परीक्षा फसते ती बारीकसारीक गोष्टींमुळे: चव लावलेली जंताची गोळी, दात घासायची पेस्ट, चघळायचे हाड, मुलांनी टेबलाखाली दिलेला तुकडा, मांजराने कुत्र्याच्या भांड्यात घातलेले तोंड. एकदा मोडले की खाज परत येते आणि निकाल वाचता येत नाही. आणि खाज कमी झाली म्हणून परीक्षा पूर्ण होत नाही. जुने अन्न पुन्हा सुरू करून पाहावेच लागते. खाज सहसा दोन आठवड्यांच्या आत परतते. परतली तरच निदान पक्के. ही शेवटची पायरी लोक भीतीने टाळतात आणि मग जनावर आयुष्यभर विनाकारण पथ्यावर राहते.

अन्न बदलूनही फरक नसेल तर उरते ॲटोपी, म्हणजे वातावरणातल्या घटकांची ॲलर्जी: धूळकिडे, परागकण, बुरशीचे कण. कुत्र्यात ती बहुधा ६ महिने ते ३ वर्षे या वयात सुरू होते. ती मुळापासून जात नाही, ताब्यात ठेवावी लागते. हे सुरुवातीलाच स्वीकारले तर डॉक्टर बदलत फिरण्यात वर्षे जात नाहीत. ओक्लॅसिटिनिबची गोळी पहिल्या दिवसापासून खाज कमी करते, पण १२ महिन्यांखालच्या कुत्र्याला देत नाहीत. लोकिवेटमॅबचे इंजेक्शन साधारण महिनाभर चालते. ते फक्त कुत्र्यांसाठी आहे. सायक्लोस्पोरिन कुत्र्या-मांजरांना दोघांनाही चालते, मात्र परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात, तेवढ्यात निराश होऊन सोडू नका. ॲलर्जीची रक्तचाचणी किंवा त्वचाचाचणी निदानासाठी नसते, ॲलर्जीची सवय करून देणारी लस कशाची बनवायची हे ठरवण्यासाठी असते. त्या लसीचा गुण कळायला वर्षभर थांबावे लागते.

मांजराकडे येतो. पोटावरचे केस गळले की चाटून तुटले, हे आधी ठरवा. हात उलट्या दिशेने फिरवल्यावर केसांचे खुंट टोचत असतील तर मांजर चाटते आहे. चार केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की तुटलेली टोके स्पष्ट दिसतात. विष्ठेत आणि उलटीत जास्त केस दिसणे हाही पुरावा. मांजरे खाजवण्याऐवजी चाटतात आणि बरीच लपून चाटतात, म्हणून मालकाने न पाहणे स्वाभाविक आहे. ‘ताणामुळे चाटते’ हे निदान फार सहज केले जाते. प्रत्यक्षात पिसवा, अन्न, ॲटोपी आणि डेमोडेक्स गॅटोई नावाचा संसर्गजन्य किडा तपासून झाल्यावरच ताणाकडे वळावे. पोटाच्या खालच्या भागावरच चाटत असेल तर मूत्राशयाचे दुखणेही वगळा. पाठीवर आणि मानेवर हाताला लागणाऱ्या बारीक खपल्या, वरच्या ओठावरचा व्रण, मांडीच्या मागे उंच लाल पट्टा ही सगळी बहुतेक वेळा एकाच ॲलर्जीची वेगवेगळी रूपे असतात. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावर किंवा नाकावर न भरणारी खपली मात्र वेगळी बाब आहे. उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग असू शकतो, त्याला ‘जखम’ समजून आठवडे घालवू नका.

कुत्र्याच्या अंगावर एका रात्रीत हाताएवढा ओला, लाल, दुखरा चट्टा उठला तर तो ‘हॉट स्पॉट’. भोवतालचे केस निरोगी कातडी दिसेपर्यंत कापा. केसांखाली चट्टा दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. फार दुखत असेल तर हे काम दवाखान्यात भूल देऊनच व्हावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून त्याने दिवसातून दोन-तीनदा धुवा, कोरडे ठेवा, चाटता येऊ नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घाला. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि जाड तेलकट मलम लावू नका: पहिली दोन ताज्या पेशी जाळतात, तिसऱ्याखाली ओल कोंडते.

खाज नसताना दोन्ही बाजूंना सारखेच केस गळत असतील तर दिशा पूर्ण बदलते. मध्यमवयीन कुत्रा सुस्त, जाड आणि थंडी न सोसणारा झाला असेल तर थायरॉइडची कमतरता. खूप पाणी पितो, खूप खातो, पोट सुटले आणि कातडी पातळ झाली असेल तर कुशिंग. इथे शाम्पूने काही होणार नाही, रक्ततपासणी लागते.

चहाच्या झाडाचे तेल आणि इतर सुगंधी तेले, फिनॉलयुक्त जंतुनाशके मांजरापासून दूर ठेवा. मांजर अंगावर पडलेले सगळे चाटते. पॅरासिटामॉलही मांजराला कधीच देऊ नका.

दवाखान्यात जाताना अंघोळ घालून नेऊ नका, निदान दोन-तीन दिवस आधी तरी नको. तेल, खपल्या, फोड हाच पुरावा असतो. खाज ० ते १० या प्रमाणात आठवड्यातून एकदा लिहा, चट्ट्यांचे तारखेसह फोटो काढा, आजवर दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव आणि त्याने किती फरक पडला ते सोबत न्या. सगळ्या खाद्यांची, खाऊंची यादीही. ताप, खाणे बंद, तोंड किंवा पापण्या अचानक सुजणे, पू वाहणारे खोल व्रण यातले काही असेल तर या यादीसाठी थांबू नका, त्याच दिवशी न्या.